मिठाची गुळणी

डॉक्टर लोबोबाईंनी बाटली दिली,
गुलाबी, पुदिन्याच्या वासाची,
झाकणाला आतून दहा मिलीची रेघ.
"रात्री दात घासल्यावर अर्ध्या तासानं. तीस सेकंद खळखळवायचं.
गिळायचं नाही, वर पाणी प्यायचं नाही.
चौदा दिवस. आणि चहा जपून, दातांवर डाग धरतो."
फरसाणाच्या दुकानावर दवाखाना,
खालून तळणीचा वास येत होता
आणि ह्यांच्या हिरड्यांचं रक्त
कापसावर.

हे घड्याळ बघत नाहीत. घड्याळ मी धरते.

कन्नमवार नगर, तिसरा मजला,
बेसिन पॅसेजमध्ये,
दीड माणूस मावेल एवढी जागा.
पहिल्या रात्री हे गाल फुगवून उभे,
बाकावर उभं केलेल्या मुलासारखे,
मला हसूच आलं.
मग लक्षात आलं:
हा माणूस आता गॅलरीत जाऊ शकत नाही,
पेपर उघडू शकत नाही,
"बघू" म्हणू शकत नाही.

तेहेतीस वर्षं
काहीही विचारलं की ह्यांनी मिठाची गुळणी धरली.
सासूबाईंनी माझ्या पाटल्या
चारचौघींसमोर खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्या,
तेव्हा हे शर्टाचं बटण लावत होते.
टेलिफोन खात्यात माझी बढती आली, नाशिकला,
तेव्हाही नाही म्हणाले नाहीत.
हो सुद्धा.

तर पहिल्या रात्री पाटल्या.
अठरा सेकंदांत संपलं.
एवढी वर्षं वागवलेलं, अठरा सेकंद!
उरलेल्या बारांत
आम्ही दोघांनी नळाचं ठिबकणं ऐकलं.

दुसऱ्या रात्री नाशिक.
तिसऱ्या रात्री काही सुचेना
म्हणून म्हटलं, तुम्ही बोंबील फार सुरेख साफ करता,
मी कधी बोलले नाही.
ह्यांचे कान लाल झाले.
म्हणजे थोडंफार मीठ माझ्याही तोंडात होतं.

पाचव्या दिवशी म्हणाले, आमटी अळणी झालीय.
मी चाखली. बरोबर होती.
लोबोबाई फोनवर म्हणाल्या, होतं असं,
औषधानं काही दिवस मीठच कळत नाही,
गोड कळतं, आंबट कळतं.
ह्यांनी पानात चिमूटभर घेतलं, आणखी चिमूटभर,
मग हात आवरला
आणि तसंच जेवले.

नवव्या रात्री वाडियातलं सांगितलं.
तीन दिवस होती, तिचं.
बारशाआधीच गेली,
पण मी नाव ठेवलं होतं मनातल्या मनात,
ते सांगितलं.
तीस झाले. चाळीस झाले.
"थुंका आता," मी म्हटलं.
हे थुंकेनात.
डोळ्यांत पाणी.
बाटलीवर छापलंय, काहींना झोंबतं.

त्यानंतरच्या रात्री मी नुसते आकडे मोजले, मोठ्यानं,
एकदा पंचवीसवर चुकले, पुन्हा एकपासून सुरू केलं,
हे तसेच उभे.

चौदाव्या रात्री बाटली उपडी केली.
अर्ध्या रेघेपर्यंतच आलं.
"पंधराच सेकंद धरा," म्हटलं,
आणि गॅसचा नंबर लावायचाय, एवढंच बोलले.
बाटली विसळून भंगाराच्या पिशवीत टाकली.

काल रात्री
सकाळसाठी बादली नळाखाली लावत होते,
पॅसेजमधला दिवा लागला.
बेसिनपाशी हे,
हातात स्टीलचा पेला, कोमट पाण्याचा,
ओट्यावरची मिठाची बरणी काखेत.
बोटानंच ढवळलं.
घोट घेतला, गाल फुगवले,
आणि घड्याळाकडे नाही,
माझ्याकडे बघत राहिले.

मला काही म्हणजे काहीच आठवेना.
बादली भरून वाहायला लागली
तरी नळाकडे हात जाईना.